साहेबांना गाडी येत नाही

रत्नागिरीहून परतल्यापासून जो तो विचारतो, "समुद्र कसा होता?" समुद्र छान होता. माझी समुद्राबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांबद्दल, आणि त्यातही माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून माझ्या भावाशी बोलणाऱ्या माणसांबद्दल. चार दिवसांत मी इतक्या वेळा संतापले, की शेवटी विलास म्हणाला, "ताई, इंजिनापेक्षा तूच जास्त तापतेस."

विलास माझा धाकटा भाऊ. पोस्टातून नुकताच निवृत्त झाला. निवृत्तीनंतर त्याची एकच इच्छा होती, चार दिवस समुद्राकाठी बसून मासे खायचे. त्याला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, आणि पान्याचे नंबर त्याला चपलांच्या नंबरांसारखे वाटतात. मी कऱ्हाडला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान वडिलांचं, त्यांच्यामागं मी सांभाळलं, त्याला एकतीस वर्षं झाली. दोष शोधणं हे माझं पोट भरायचं काम आहे. टाका का सुटतो, दोरा का तुटतो, हे मशीनच्या आवाजावरून मला कळतं. गाडीही मी तशीच शिकले. ती सत्तावीस वर्षांची आहे, कार्ब्युरेटरवाली, छोटी, पांढरी. प्लग, पट्टे, ब्रेक, कार्ब्युरेटरची साफसफाई, सगळं मी घराच्या दारात करते.

निघायच्या आठवड्यात मी तिला तयार केलं. प्लग बदलले, ऑइल बदललं, कार्ब्युरेटर खोलून धुतला. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं कुलूप नुसतंच फिरायचं, म्हणून बाजारातून नवं कुलपाचं झाकण आणून बसवलं. रबर इतकं घट्ट की थेंबाचाही वास बाहेर येईना. मी खूश झाले.

पुण्याहून माझ्या मुलाचा, अमोलचा फोन आला. "आई, जातेस तर जा. पण या खेपेला गाडी वाटेत बंद पडली तर मी ती स्क्रॅपला देणार. आता बास."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"तुझ्या. पण काळजी माझ्या नावावर आहे ना."

वाक्य गोड होतं. तरी मला राग आलाच.

सावर्डे

कुंभार्ली घाट आम्ही सकाळी उतरलो. देशावरचा कोरडा वारा वरच राहिला, आणि खाली आल्यावर हवेला एकदम अंग आल्यासारखं झालं. आंब्यांना मोहोर होता. घाटात गाडी जरा जड वाटली, पण मी ते विलासच्या बॅगांवर ढकललं. चार दिवसांसाठी हा माणूस तीन बॅगा आणि एक उशी घेऊन निघाला होता.

चिपळूणला टाकी गच्च भरली. तिथून निघाल्यावर अर्ध्या तासात, सावर्ड्याचा बाजार समोर दिसत असताना गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. मी उतरले, बॉनेट उघडलं, एक प्लग काढून बॉडीला टेकवला आणि विलासला सेल्फ मारायला सांगितलं. तेवढं त्याला येतं. ठिणगी निळी, कडक. म्हणजे करंट होता. पुढं पेट्रोल बघणार, तेवढ्यात जवळच्या गॅरेजमधून एक गृहस्थ हात पुसत आले. चाळिशीचे, चेहरा भला. आले ते थेट विलासकडे.

"काय झालंय साहेब?"

"मला माहीत नाही," विलास म्हणाला. "गाडी हिची आहे."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि पुन्हा विलासला विचारलं, "पेट्रोल हाय ना टाकीत? चावी द्या." त्यांनी झाकण उघडलं, गाडी हलवून आत पाण्यासारखा आवाज येतो का ते ऐकलं, झाकण लावलं. मग म्हणाले, "कॉइल गेली, साहेब. जुन्या गाड्यांचं हेच असतं."

"कॉइल ठीक आहे," मी म्हणाले. "मी आत्ताच ठिणगी बघितली."

"साहेब, वहिनींना जरा सावलीत बसवा. ऊन लय हाय."

"मी वहिनी नाही, बहीण आहे," मी म्हणाले. "आणि ठिणगी निळी होती."

"गरम झाल्यावर बसते ती," त्यांनी विलासला समजावलं. विलासनं बिचाऱ्यानं मान हलवली, कारण समोरचा बोलला की मान हलवायची त्याला पस्तीस वर्षांची सवय. त्यांनी नवी कॉइल लावली. सेल्फ मारला. गाडी सुरू झाली.

आता मी काय बोलणार? गाडी माझ्यासमोर घुरघुरत होती. मी जुनी कॉइल मागून घेतली, तेव्हा ते विलासकडे बघून हसले. "ठेवून काय लोणचं घालणार काय ताई?" हे एवढं एकच वाक्य ते माझ्याशी बोलले, तेही त्याच्याकडे बघत.

संगमेश्वरपर्यंत मी बोलत होते आणि विलास ऐकत होता. आमच्याकडे कऱ्हाडात लोक तोंडावर म्हणतात, "बाई, तुम्हाला जमायचं नाही." मग भांडता येतं. इथं सगळं इतक्या अदबीनं चाललं होतं की भांडायला जागाच नव्हती. सावलीत बसा म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

बावनदीचा पूल ओलांडून निवळीचा चढ लागला आणि गाडीनं पुन्हा मान टाकली. या वेळी आसपास कोणी नव्हतं. मला बरंच वाटलं. मी कार्ब्युरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप काढला, विलासला सेल्फ मारायला लावलं. पाइप कोरडा. म्हणजे करंटचा नाहीच, पेट्रोलचा दोष! कॉइल उगाच बदलली! मला इतका आनंद झाला की विलास घाबरला.

काटा टाकी भरल्याचं दाखवत होता. मग पेट्रोल वर येत नाही म्हणजे इंजिनाच्या बगलेचा पंप. पंप गरम होऊन दम सोडत असणार. मी विलासचा टॉवेल ओला करून पंपावर गुंडाळला, पिण्याचं पाणी त्यावर ओतलं आणि आम्ही दगडावर बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. अर्ध्या तासानं सेल्फ मारला. सुरू!

"बघ," मी म्हणाले. "पंप."

"मघाशी ते कॉइल म्हणाले तेव्हाही सुरू झाली होती," विलास म्हणाला.

"त्यांना काय कळतंय?" मी म्हणाले.

रत्नागिरी

उतरलो ते एका घरगुती खानावळीच्या माडीवर. अंगणात फणसाचं झाड, चिऱ्याची भिंत, मागं विहीर. रात्रीच्या जेवणाला तळलेली सुरमई आणि सोलकढी. विलासनं चौथी तुकडी मागितली तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, "भावजी, घाटावर मासे मिळत नाहीत काय हो?" "मिळतात," विलास म्हणाला, "पण ते प्रवास करून दमलेले असतात." आमच्याकडे पाहुण्याला वाढताना नको म्हणेपर्यंत वाढतात. इथं एकदा विचारतात, नको म्हटलं की खरंच वाढत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघंही पहिल्या विचारण्यालाच हो म्हणायला शिकलो.

दुसऱ्या सकाळी विलास म्हणाला, "ताई, एकदा मोठ्या वर्कशॉपला दाखवू. माझ्यासाठी." त्याच्यासाठी म्हणून मी गेले. तीच चूक झाली.

वर्कशॉप काचेचं होतं. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण टॅब घेऊन आला आणि विलासला म्हणाला, "सर, वेलकम. काय प्रॉब्लेम आहे?"

"साहेबांना गाडी येत नाही," मी म्हणाले. "मला विचारा."

"नक्की मॅडम. तुम्ही आत एसीत बसा, कॉफी घ्या." आणि मग विलासला, "सर, किती किलोमीटर झालेत?"

मी कागदावर सगळं लिहून दिलं. कुठं बंद पडली, किती अंतरानं, ठिणगी कशी होती, पाइप कोरडा कसा होता, किती वेळानं सुरू झाली. दुखणेकऱ्यानं डॉक्टरला सांगावं तसं. तो कागद त्यानं टॅबखाली धरला आणि आत गेला. आम्ही तीन तास बसलो. काचेतून मला गाडी दिसत होती. तिच्याभोवती माणसं आली, सगळी दारं उघडली, बॉनेट, डिकी, टाकीचं झाकण उघडून पाहिलं, एक चक्कर मारून आले, पुन्हा उभी केली. मग माझा फोन वाजला. अमोल.

"आई, गाडी संपलीय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"वर्कशॉपवाले. आत्ता फोन आला होता. इंजिन खोलावं लागेल, पण त्यात अर्थ नाही म्हणाले. जुनी देऊन नवी घ्यायची स्कीम आहे त्यांच्याकडे."

मी विलासकडे पाहिलं. त्यानं फॉर्मवर दुसरा नंबर म्हणून अमोलचा नंबर लिहिला होता. त्याचा चेहरा पोस्टात टपाल हरवल्यासारखा झाला.

मी दहा पावलांवर बसले होते. काचेच्या या बाजूला. गाडी माझ्या नावावर, लक्षणं मी लिहून दिलेली, आणि निदान मात्र दोनशे मैलांवरच्या माझ्या मुलाला फोन करून सांगितलं! मी उठले आणि काउंटरवर गेले. माझा आवाज चढला होता, हे मी कबूल करते.

"गाडीत काय दोष सापडला?"

"मॅडम, तसा दोष आत्ता दिसत नाहीये. पण एज झालंय ना..."

"वय तर माझंही झालंय. मला देऊन कोण नवी आणणार आहात?"

मागं उभे असलेले दोन ड्रायव्हर हसले. त्या तरुणाचे कान लाल झाले. माझा कागद अजून टॅबखालीच होता, घडीही मोडली नव्हती. मी तो काढून घेतला, किल्ली घेतली आणि निघाले.

बाजारातून मी नवा पंप घेतला. दुकानदारानंही "कोण बसवणार?" असं विलासलाच विचारलं, पण तोवर माझ्यातला राग पुरता वापरून झाला होता. खानावळीच्या अंगणात फणसाखाली मी कामाला बसले. दोन नट, दोन पाइप, मध्ये एक पॅकिंग. जुनं पॅकिंग इंजिनाला चिकटलेलं, ते ब्लेडनं खरवडून काढायला तास गेला. मालकीणबाई ओट्यावर नारळ खवत बघत होत्या. "बायकोमाणसानं एवढं शिकावं," त्या म्हणाल्या. त्या वाक्यावरही मला रागवता आलं असतं, पण त्यांनी लगेच खोबऱ्याची वाटी पुढं केली.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. जाऊन येऊन थोडंसंच अंतर. गाडी फुलासारखी चालली. सुरूच्या झाडांपलीकडे विलास पायजमा दुमडून पाण्यात उभा राहिला, आणि मी वाळूत बसून सावर्डेकरांना आणि काचवाल्यांना मनातल्या मनात शेवटचं उत्तर देऊन टाकलं. दोष मी शोधला होता. मीच काढला होता.

आरे-वारे

तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याकडे जायचं म्हणून सकाळी टाकी पुन्हा काठोकाठ भरली. आरे-वारेचा रस्ता मी आधी पाहिला नव्हता. डोंगराच्या कडेनं गाडी वर येते आणि एकदम खाली समुद्र दिसतो, एका बाजूला वाळूची एक पुळण, दुसऱ्या बाजूला दुसरी. विलास म्हणाला, "थांबव थांबव, बघू या." गाडीनं त्याचंच ऐकलं. दोन आचके, आणि बंद.

मी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून काही वेळ तशीच बसले. मग उतरले. पाइप काढला. कोरडा. नवा पंप, काल बसवलेला, आणि पाइप कोरडा! डोक्यावर ऊन, खालून गार वारा, पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. एक जण काच खाली करून विलासला म्हणाला, "काका, टो करून न्या." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं काच वर केली.

तेवढ्यात खालच्या वाडीकडून एक बाई चढून आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी, हातात रिकामा लाल कॅन. त्या थांबल्या. बॉनेटमध्ये बघितलं, माझ्या हातातल्या कोरड्या पाइपाकडे बघितलं.

"बंद परली काय ओ बाय?"

"हो."

"पेट्रोल येत नाय?"

"नाही."

"टाकीचा झाकन खोला. हवा जायला वाट नसली का असाच होतं. आमच्या होडीच्या मशीनला पन होतं."

माझे हात पेट्रोलनं चरचरत होते, पाठ भरून आली होती. दोन दिवसांत मला सगळ्यांनी शिकवलं होतं. मी म्हणाले, "हे गाडीचं इंजिन आहे, होडीचं नाही. तुम्हाला यातलं काय कळणार?"

त्यांनी कॅन या हातातून त्या हातात घेतला आणि चढ चढून निघून गेल्या.

विलास माझ्याकडे बघत राहिला. "ताई," तो हळूच म्हणाला, "काल तो टॅबवाला तुझ्याशी असंच बोलला."

"तू गप्प बस."

तो गाडीच्या मागं गेला. मी खाली वाकून पंपाचे नट पुन्हा तपासले, पाइप तोंडात धरून फुंकला, ओठांना पेट्रोलची घाण चव लागली, थुंकले. तेवढ्यात मागून आवाज आला. हुस्स! सायकलच्या ट्यूबचा येतो तसा, पण उलटा, हवा आत ओढल्यासारखा. चांगला लांबलचक. विलास माझी किल्ली घेऊन टाकीपाशी उभा होता, हातात झाकण.

"त्या बाईंनी सांगितलं म्हणून उघडलं," तो म्हणाला. "काही मोडलं का?"

"सेल्फ मार," मी म्हणाले.

त्यानं सेल्फ मारला आणि पाइपातून पेट्रोलची धार माझ्या मनगटावर आली.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. आता सगळं एका ओळीत उभं राहिलं. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, दुसरं भोक पाडावं लागतं, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही माहीत असतं. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी वरून हवा आत यायला हवी. जुन्या झाकणाला ती वाट होती. मी आणलेल्या नव्या, घट्ट, सुरेख झाकणाला नव्हती. टाकी काठोकाठ भरली की आत हवेला जागाच उरत नव्हती, म्हणून गाडी लवकर गुदमरत होती. सावर्ड्यात त्या गृहस्थांनी पेट्रोल बघायला झाकण उघडलं आणि गाडी बरी झाली, श्रेय कॉइलनं घेतलं. निवळीच्या चढावर अर्ध्या तासात कुठून तरी हवा झिरपली, श्रेय माझ्या ओल्या टॉवेलनं घेतलं. वर्कशॉपमध्ये झाकण उघडून बघितलं, म्हणून दोष दिसला नाही. सावर्डेकरांनी चांगली कॉइल बदलली. मी चांगला पंप बदलला. आणि झाकण मी स्वतः बसवलं होतं, म्हणून संशय त्याच्याकडे एकदाही वळला नाही.

माझा सगळा राग होता तिथंच होता, फक्त आता त्याला जायला दुसरीकडे वाट नव्हती. आणि मग मला त्याहून वाईट गोष्ट आठवली. या सबंध प्रवासात "काय झालं" हे विलासला न विचारता मला विचारणारी ती पहिली बाई होती.

झाकण सैल ठेवून गाडी आम्ही खाली वाडीत नेली. लाल कॅनवाल्या बाई कोण म्हणून विचारलं. "हमीदाबी," एका आजोबांनी घर दाखवलं. माडांच्या मध्ये बैठं घर, अंगणात जाळं पसरलेलं. त्या अजून परतल्या नव्हत्या. आम्ही तासभर अंगणाबाहेर उभे राहिलो. विलास एकदाही बसू या म्हणाला नाही.

त्या रिक्षातून उतरल्या, कॅन आता भरलेला. मला बघून थांबल्या.

"तुम्ही सांगितलं तेच होतं," मी म्हणाले. "मी वाईट बोलले. चुकलं माझं."

त्यांनी कॅन खाली ठेवला. "राग आला मना," त्या म्हणाल्या. हसून टाकलं नाही, जाऊ द्या म्हणाल्या नाहीत. "आमचे मालक आठ वर्षं आखातात. होडी दीर नेतो, पन मशीन मी बघते. शहरात मशीन घेऊन गेली का पयला विचारतात, मालक कुठं? मग मी फोन लावते. मालक तिकडून मशीन बघतात आनी मी त्यांना सांगितलेला तेच मिस्तरीला सांगतात. मग मिस्तरी ऐकतो." त्यांनी ओढणी सारखी केली. "पुरुष बोलतात ते कानाला सवयीचा झालाय. बाय बोलली ते लागला."

विलास माझ्या मागं उभा राहून खाली बघत होता.

"या आत," त्या म्हणाल्या. "ऊन झालंय."

त्यांनी होडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण दाखवलं. मधोमध एक छोटा स्क्रू. मशीन चालवताना तो सैल करायचा, घरी आणताना आवळायचा. माझ्या झाकणाला स्क्रू नव्हता, पण आतलं रबर काढता येत होतं. त्यांनी ब्लेड दिलं, मी रबराला एक बारीक खाच पाडली. "जास्त नको," त्या म्हणाल्या, "नायतर वळणावर पेट्रोल सांडंल." एवढी पुरे म्हणाल्या तिथं मी थांबले. मग तांदळाच्या भाकरी आणि बांगड्याचं सालन. आमची भाकरी थापताना वाजते, ही वाजत नाही, उकड काढून मळलेली, घडी घातली तरी मोडत नाही. त्यांनी एकदाच वाढू का म्हणून विचारलं. विलास हो म्हणाला.

संध्याकाळी खानावळीत परतल्यावर मी अमोलला फोन केला.

"गाडी तीनदा बंद पडली," मी सांगितलं. "दोष माझा होता. नवं झाकण मी चुकीचं आणलं. तो दोष ओळखला एका होडीवाल्या बाईंनी आणि झाकण उघडलं तुझ्या मामानं."

"मामानं?" अमोल हसायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे आई, तूच बिघडवलीस ना? मग आता तरी..."

"हो, मीच बिघडवली. माणसाला आपल्या हातानं झालेली चूक समजते तोवर त्यानं आपलं काम सोडायचं नसतं. गाडी स्क्रॅपला जाणार नाही. आणि माझ्या गाडीबद्दल तुला कोणाचा फोन आला तर त्यांना माझा नंबर द्यायचा. बस."

"बरं," तो म्हणाला. मग, "झाकण किती किलोमीटरनं दगा द्यायचं?" हे विचारताना त्याचा आवाज माझ्या वडिलांसारखा झाला, हे मी त्याला सांगितलं नाही.

पुन्हा वाडी

चौथ्या दिवशी परत निघायचं होतं. पण आदल्या दिवशी जेवताना हमीदाबी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, की होडीचं मशीन सकाळी गारव्यात सुरू होत नाही, ऊन वर आलं की होतं. मिस्तरी म्हणतो, नवं घ्या. ते 'नवं घ्या' ऐकून माझ्या डोक्यात पुन्हा सणक गेली होती. सकाळी उजाडल्यावर आम्ही हत्यारांची पेटी घेऊन वाडीत हजर झालो. मशीन पुळणीवर लाकडी घोडीला लावलेलं होतं, अंगावर दवाचे थेंब.

मी पेटी उघडली, पाना हातात घेतला आणि थांबले. "हमीदाबी, तुम्हाला काय वाटतं?"

त्या चमकल्या. कॅनवर बसून मग सावकाश सांगायला लागल्या. पेट्रोल येतं. प्लग काढला तर ओला असतो. मशीन सुरू करायची दोरी ओढताना कधी कधी हाताला बारीक चटका बसतो. पावसाच्या दिवसांत जास्त त्रास. उन्हात अजिबात नाही.

"चटका कुठं?"

"प्लगच्या टोपीजवळ."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ओल आली की करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच बाहेर पडत असणार. पण उजेडात तो दिसणार कसा? मी इकडेतिकडे कापड शोधत होते. हमीदाबींनी आपली ओढणी काढली आणि मशीनवर, माझ्या डोक्यावर, स्वतःच्या डोक्यावर टाकली. आत अंधार झाला. पेट्रोलचा, माशांचा आणि साबणाचा वास.

"भाऊ, दोरी ओढा," त्या आतून म्हणाल्या. विलासनं ओढली.

काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही.

बाहेर वाळूवर कोणाची तरी पावलं वाजली. पुरुषी आवाज आला, "काय ओ, काय झालाय मशीनला?" विचारलं विलासलाच, हे मला न बघताही कळलं.

"काम चाललंय," विलास म्हणाला. "थांबा जरा, त्या सांगतील." आणि त्यानं तिसऱ्यांदा दोरी ओढली.

टोपीच्या बाजूला, केसाएवढ्या भेगेतून, एक निळी रेघ चमकून गेली.

हमीदाबींनी अंधारात माझं मनगट धरलं. "दिसला तुमाला?"

"दिसला," मी म्हणाले.